लिंबोणीखालची भुईबोरं

आमच्या बाबांना जमिनीवर फुकटचं हिरवं दिसलं की हात शिवशिवायचे. पेरलेलं ते पीक आणि न पेरलेलं ते तण, यापलीकडचं वनस्पतीशास्त्र त्यांना मान्य नव्हतं. सोनाळ्याच्या शिवारात नामदेवभाऊंचं, म्हणजे बाबांचं, वावर कोणतं हे विचारावं लागायचं नाही. ज्या वावरात पिकाच्या दोन ओळींमध्ये नुसती काळीभोर माती दिसेल ते आमचं. रस्त्यानं चालता चालता ते दुसऱ्याच्या बांधावरचं गवतही वाकून उपटायचे आणि उपटलेलं हातात घेऊन गप्पा मारायचे. एकदा कुणाच्या तरी लग्नात पंगत बसायच्या आधी हा माणूस पांढरंशुभ्र धोतर सावरत मांडवातली हराळी काढत बसला होता. आईनं पदरानं तोंड झाकून घेतलं आणि दातओठ खात म्हणाली, "अहो, लोकायचं लग्न हाय. आपलं वावर नोहे!" बाबांनी मान वर केली, म्हणाले, "मंग काय झालं? वाढून राह्यली ना ते." आणि उरलेली काढूनच उठले.

घरामागचं अंगण म्हणजे तर त्यांची इभ्रत. एका कोपऱ्यात गोठा, दुसऱ्यात दगडाची न्हाणी, न्हाणीशेजारी पाण्याचा रांजण आणि त्याच्यावर झुकलेली लिंबोणी. बाकी सगळं शेणानं सारवलेलं, उघडं, चकचकीत. उन्हाळ्यात आईच्या कुरडया, पापड, सांडगे आणि लाल मिरच्या तिथं वाळायच्या, आणि आम्हा पोरींना काठी घेऊन कावळे हाकलायला बसवलं जायचं. तिथं गवताची काडी उगवली तर घरात मोठा गुन्हा झाल्यासारखं वातावरण व्हायचं. आज पुण्यात माझी नात बाल्कनीतल्या चार कुंड्यांना 'माझं गार्डन' म्हणते, तेव्हा मला बाबांचं तोंड आठवतं आणि मी एकटीच हसत बसते.

अशा घरात माझी वहिनी आली. माझ्या मोठ्या भावाची, दादाची बायको, शांता. तिचं माहेर चिखलदऱ्याचं, तिचे वडील तिथल्या एका डाकबंगल्यावर माळी होते. लग्न ऐन उन्हाळ्यातलं. वरातीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं माझ्या कानात पहिलं वाक्य विचारलं, "बेबीबाई, इथं रोजच असं तापते काय वं?" मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "हे तर काहीच नाई!" बिचारीचा चेहरा पडला. आमच्या घरात बोलणं म्हणजे ओरडणंच. बाबा गोठ्यातून ओरडायचे, आई चुलीपासून ओरडायची, दादा दारातून, आणि मी सगळीकडून. ही मात्र इतकी हळू बोलायची की आई दर वेळी "काय म्हणतं?" म्हणून विचारायची आणि ती घाबरून "काई नाई, मामी" म्हणायची. सासूला मामी आणि सासऱ्याला मामाजी म्हणायची आमच्याकडे रीत. ज्वारीच्या भाकरीबरोबर आईनं पहिल्याच दिवशी ठेचा वाढला, तर वहिनीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आम्ही सगळे खो खो हसलो. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. काम सगळं करायची, पण घरात पाहुण्यासारखी वावरायची. कपाट आईचं, चूल आईची, अंगण बाबांचं, आणि माहेराहून आलेली ट्रंक तिनं तशीच भरून ठेवलेली. मला ते समजत नव्हतं असं नाही. मला ती फार आवडायची आणि ती कधीतरी खुदकन हसावी म्हणून मी माकडचाळे करत राहायची.

नागपंचमीला ती माहेरी गेली आणि दादाबरोबर परत आली, तेव्हा तिच्या मांडीवर लाडवाचा मोठा डबा होता. एसटीतून उतरल्यापासून मी त्या डब्याभोवती घिरट्या घालत होते. चहा झाला, आईनं ताट आणलं, मी पुढे सरसावून बसले आणि वहिनीनं झाकण काढलं. आत ओला चिखल! आणि चिखलात तीन तीन कातरलेल्या पानांची इवलीशी रोपं. माझं तोंड असं झालं की आईसुद्धा हसली. "हे खायचं कसं व?" मी रडवेली होऊन विचारलं. वहिनी म्हणाली, "याले बोरं येतात. लाल. बारकी. डाकबंगल्याच्या बागेत झाडाखाली गवत नाई, हेच पसरवलेलं हाय माझ्या बाबानं. साहेबलोक जंगली स्ट्रॉबेरी म्हणतात, आम्ही भुईबोरं म्हणतो." लग्न झाल्यापासून ती एका दमात एवढं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तिनं मान खाली घातली आणि बाबांकडे न बघता विचारलं, "मामाजी, लिंबोणीखाली लावू काय?"

बाबांनी एक रोप दोन बोटांत धरून वरखाली पाहिलं. बुटकं, पसरट, काटे नाहीत, वास नाही. त्यांच्या दृष्टीनं सगळी लक्षणं तणाची. "सूनबाई, आम्ही अंगणातलं उपटतो अन् तू पेरून राह्यली?" वहिनी हळूच म्हणाली, "उघडी माती तापते, मामाजी. झाकली तर ओल राहते. लिंबोणीचीबी लिंबं गळणार नाईत." आता नामदेवभाऊंना मातीबद्दल शिकवणारं माणूस त्या गावात जन्मलेलं नव्हतं. आईनं ताट उचललं. दादा छताकडे बघायला लागला. बाबांनी मात्र आवाज चढवला नाही. म्हणाले, "बरं, लाव. पण शब्द देतो अन् घेतो. होळीनंतर तुझ्या मामीची वाळवणं सुरू होतात. होळीच्या आत याचं फळ मले खाऊ घातलं, तर हे मागचं अंगण तुयं. त्यात तू काय वाट्टेल ते लाव, मी ब्र काढणार नाई. नाई घातलं, तर खुरपं माझं." वहिनीनं मान वर केली आणि थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हाव." तिचा तो होकार आमच्या घरात शोभेल इतका मोठा निघाला.

त्या दिवसापासून आमच्या घराला एक उद्योग मिळाला. न्हाणीचं पाणी वाहून जायचं ते वहिनीनं बोटानं चर काढून लिंबोणीखाली वळवलं. सकाळी सगळ्यांची अंघोळ झाली की ती साडी खोचून तिथं उकिडवी बसायची, शेजारी मी. पावसाळा संपता संपता त्या रोपांनी लाल दोरे सोडायला सुरुवात केली. दोरा जमिनीवरून सरकत जायचा, टोकाला दोन पानं धरायचा आणि एक दिवस तिथंच मूळ धरायचा. वहिनी म्हणायची, "माय दोरा सोडते, अन् पोरगी जिथं टेकली तिथं घर करते." बघता बघता दिवाळीपर्यंत लिंबोणीखालची माती दिसेनाशी झाली. हिरवीगार सतरंजी, आणि तिच्यावर अनवाणी उभं राहिलं की पायांना गारेगार. मी शाळेतून आले की दप्तर फेकून तिथंच जाऊन उभी राहायची. आईसुद्धा भांडी घासायला बसताना पाय तिकडे पसरायला लागली, विचारलं तर म्हणायची, "पाय दुखून राह्यले व, म्हणून." बाबा रोज सकाळी कडेनं चालत जायचे. सतरंजीच्या बाहेर एखादा दोरा सारवलेल्या जमिनीवर आला की बोट दाखवायचे, "सूनबाई, हद्द!" आणि वहिनी हसत हसत तो दोरा आत वळवायची. हसत हसत, म्हणते मी! तिला हसायला येतं हे कळल्यावर दादासुद्धा वावरातून लवकर घरी यायला लागला.

संक्रांतीच्या सुमाराला पांढरी फुलं आली. बारीक, पाच पाकळ्यांची, मध्ये पिवळी. वहिनीनं मला हात धरून ओढत नेलं. हळदीकुंकवाला गावच्या बाया आल्या, वाण घेऊन गेल्या, पण त्या पुढच्या खोलीत. मागच्या अंगणात जायचं कुणाला कारण पडलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

आमच्याकडे निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला, सावड चालायची. आज सगळ्या बाया तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस. आई आणि वहिनी गोदामावशीच्या कांद्यात निंदून आल्या होत्या, त्यामुळे मावशीच्या घोळक्याचा एक दिवस आमच्याकडे राहिला होता. गोदामावशी म्हणजे आमच्या गल्लीची कप्तान. अंगानं भक्कम, आवाज वेशीपर्यंत, आणि दुसऱ्याचा दिवस अंगावर ठेवणं तिला अंगावर झुरळ चढल्यासारखं वाटायचं. नेमकं त्याच वेळी धामणगाव बढ्याला आत्याच्या नातवाचं बारसं निघालं आणि आम्ही सगळे एसटीनं गेलो. घराची किल्ली, ढोरांचा चारापाणी, सगळं मावशीकडे. बारसं झकास झालं. पातोडीच्या रश्शावर दादानं आणि मी पैज लावून ताव मारला, आणि वहिनी तिथल्या बायांना चक्क भुईबोरांची गोष्ट सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. दारातच गोदामावशी पाच-सहा बायांना घेऊन उभी, चेहरा उजळलेला. "या, या! तुमचं काम करून ठेवलं व बाई. वावरात गेलो तर नामदेवभाऊनं एक काडी ठेवलेली नाई, निंदावं काय? मंग म्हटलं हातचा दिवस वाया कायले घालवावा. मागचं अंगण पाह्यलं, तर माय माय माय! लिंबोणीखाली केवढं तण माजलेलं! साफ केलं. वरतून सारवून बी देल्लं. आता सावड फिटली."

आम्ही मागे धावलो. लिंबोणीखाली एक पान नव्हतं. सारवण अजून ओलं होतं, त्यावर बोटांचे सुंदर अर्धगोल उठलेले. बाबा मागून आले आणि ती जमीन बघून त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वा! काय निंदलं!" मग त्यांची नजर वहिनीकडे गेली आणि त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. मला अजून आठवतं, त्या वेळी मला बाबांचाही राग आला नाही आणि मावशीचाही. वहिनी त्या ओल्या सारवणाकडे बघत उभी होती. आता ही पुन्हा गप्प होणार, या भीतीनं मी तिचा पदर धरला. पण ती वळली, चुलीपाशी गेली, आणि सगळ्या बायांसाठी चहा ठेवला. सावडीला आलेल्या बाईला चहा पाजल्याशिवाय पाठवायचं नाही, ही आमची रीत तिनं त्या दिवशीही मोडली नाही. कप हातात देता देता तिनं नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "मावशी, निंदलेलं कोठी टाकलं?"

"टाकते कायले? बकऱ्याले नेलं ना व. एकेक वोटी सगळ्याजणींनी. थोडं तुमच्या बैलाच्या गव्हाणीत टाकलं. काऊन?"

तेव्हा मला राहवलं नाही. "मावशी, तण नोहे ते! वयनीनं माहेरून आणलेली झाडं होती! होळीच्या आत फळ आलं असतं तर अंगण तिचं होणार होतं!" मावशीचा कप बशीत आपटला. चहा तसाच ठेवून ती उठली आणि रस्त्यावर उभी राहून तिनं जी हाळी दिली ती पलीकडच्या गल्लीतल्या माणसांनाही ऐकू गेली असेल: "अवो बायांनो, बकऱ्या आवरा! शांताचं पीक हाय ते!"

मग जी धावपळ उडाली ती काय वर्णावी! मी आणि वहिनी घरोघरी. कुठं बकरी निवांत रवंथ करत बसलेली, तिच्यासमोर फक्त लाल दोरे उरलेले. कुठं बकरीनं तोंडच लावलं नव्हतं, तर ती बाई त्याच बकरीचा मुका घ्यायला निघाली. कुणी उकिरड्यातून झुबका उपसून पदरात आणला, कुणी मोरीतून. आणि घरी येऊन बघतो तर काय, बाबा गोठ्यात गुडघ्यावर, सोन्या बैलाचा जबडा दोन्ही हातांनी धरलेला, आणि आतून एक चावलेलं रोप ओढून काढताहेत. "सोड बे! सोड म्हणतो ना! तुयं वैरण नोहे ते!" सोन्यानं फुरफुर करून सगळी लाळ त्यांच्या धोतरावर उडवली. वहिनी हातातली रोपं तशीच धरून मोठ्यानं हसली. मोठ्यानं! आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण हसलं व?"

त्यातली बरीच रोपं मेली, हे खरं. काही लिंबोणीखाली पुन्हा लावली, ती मान टाकून पडली. बायांनी ज्या झुबक्यांची मुळं बरी दिसली ते आपापल्या मोरीपाशी ओलीत रोवून ठेवली, कारण तिकडे चिखल आयताच होता. बाबांनी वहिनीला स्वतःच्या हातानं शेणखत आणून दिलं, गोणपाट ओलं करून सावली करून दिली. पण मी एकदा लाडीगोडीनं म्हटलं, "बाबा, होळीचं जाऊ द्या ना आता," तर म्हणाले, "शब्द तो शब्द. तिनं बी हाव म्हटलं होतं." आणि वहिनीही तशीच हट्टी. ती म्हणाली, "मामाजीनं सूट देल्ली तर ते अंगण मले नको." दोघं एका गोठ्यातले बैल निघाले.

होळी जवळ आली. आईनं कुरडयांसाठी गहू भिजत घातले. लिंबोणीखालची रोपं जगली होती, पण फुलाचा पत्ता नाही. होळीच्या आदल्या सकाळी वहिनी न्हाणीपाशी नुसती बसून होती आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून. तेवढ्यात मागच्या दारानं गोदामावशी आली, मागे तिच्या सगळ्या बाया, आणि मावशीच्या तळहातावर रुईचं पान. पानावर एक भुईबोर. शेंगदाण्याएवढं, लालभडक, आणि त्याचा वास! पिकलेल्या पेरूचा, गुळाचा, कशाचाच नाही असा वास, अंगणभर. आजही बाजारातली ती पांढऱ्या पोटाची भली थोरली स्ट्रॉबेरी हातात घेतली की मी आधी हुंगते आणि परत ठेवते. "माझ्या मोरीवरचं हाय," गोठ्यातून बाहेर आलेल्या बाबांपुढे पान धरत मावशी म्हणाली. "कोंबडीपासून राखलं. नामदेवभाऊ, खा."

बाबांनी पान हातात घेतलं नाही. "गोदाबाई, हे तुमच्या मोरीवरचं. फळ सूनबाईचं पाह्यजे."

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "भाऊ, सावडीत हात कोणाचे असतात?"

"सगळ्याईचे."

"अन् पीक कोणाचं?"

बाबा म्हणजे सगळं आयुष्य सावड केलेला माणूस. कुणीही निंदो, कुणीही कापो, पीक ज्याचं त्याचं. हेच तर ते भांडणात लोकांना समजावत आले होते. मावशीनं ते पान वहिनीच्या हातात दिलं. "घे व माय. आम्ही नुस्ता हात लावला. पीक तुयं."

वहिनीनं ते बाबांपुढे धरलं. बाबा म्हणाले, "पहिलं फळ हाय. आधी देवाले." आईनं देवापुढे ठेवलं, हात जोडले, आणि मग विळीवर त्या एवढ्याशा फळाचे इतके तुकडे केले की कसे केले ते तिचं तिलाच ठाऊक. बायांना, दादाला, मला, प्रत्येकाच्या तळहातावर एक लाल ठिपका. आम्ही सगळे तळहात चाटत उभे होतो आणि एकमेकांकडे बघून हसत होतो. बाबांनी सगळ्यांत शेवटी जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मग भिंतीतल्या खुंटीवरचं आपलं खुरपं काढलं आणि वहिनीच्या हातात दिलं. "घे. अंगण तुयं."

"अन् मी कुरडया कोठी घालू?" आई कडाडली.

"धाब्यावर!" बाबा तिच्याहून मोठ्यानं म्हणाले, आणि त्या उन्हाळ्यापासून आमच्या कुरडया घराच्या छतावर वाळायला लागल्या. कावळे हाकलायला मला वर चढावं लागायचं, तेवढाच काय तो माझा तोटा.

तो उन्हाळा कठीण गेला. रांजणाच्या झिरपत्या पाण्याशेजारची रोपं तेवढी जगली, पण तेवढी पुरली. पावसात त्यांनी पुन्हा दोरे सोडले. त्या वर्षी लिंबोणीचीही लिंबं गळाली नाहीत. बाबांनी ती टोपलीभर तोडली आणि वहिनीसमोर नुसती ठेवून निघून गेले. वहिनीनं ट्रंकेतल्या साड्या काढून कपाटात लावल्या. आता वहिनी माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलते. फोनवर बोलायला लागली की मी फोन कानापासून हातभर लांब धरते.

माझं लग्न झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मी एकदा राहायला गेले होते. बाबा थकले होते, वावरात जाणं बंद झालेलं. त्यांची खाट लिंबोणीखाली असायची, आणि सबंध अंगण न्हाणीपासून गोठ्यापर्यंत भुईबोरांनी भरलेलं. खाटेवरूनच वाकून ते त्यातली हराळी वेचत बसायचे. न्हाणीकडे जायची पायवाट मात्र मोकळी ठेवलेली होती. त्या वाटेच्या ऐन मधोमध एक दोरा येऊन टेकला होता, दोन पानं फुटलेली. कुणाचा तरी पाय पडणारच म्हणून मी खुरपं घेऊन खाली बसले.

"बेबी, थांब. पीक हाय ते."

मी हसले. "बाबा, हे कोणी पेरलं? हे तर आपलं आपण आलं."

"आलं ना?" बाबा म्हणाले. "मंग राहू दे." आणि भिंतीचा आधार घेत उठून त्यांनी कडेचा एक दगड त्या दोऱ्यापुढे सरकवला, म्हणजे आता सगळ्यांनी वळसा घालून जावं.